मुद्दल, दर आणि मुदत

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॉम्प्युटरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितले होते. मी विषय बदलून घेतला, त्याला कारण आहे. या मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही काही जण दोन महिन्यांपूर्वी जमलो होतो. चहा आणि वडापाव चालू असताना आपल्यातल्या एका मैत्रिणीने सहज विचारले, "घर घ्यायचंय. थोडे पैसे साठलेत. बँकेत ठेवू की म्युच्युअल फंडात टाकू?" पाच मिनिटांत आमचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, बँकेत ठेवणे म्हणजे महागाईला पैसे खाऊ घालणे. दुसरा म्हणाला, बाजारात घालणे म्हणजे जुगार. मेळाव्याचे बजेट राहिले बाजूला आणि विचारणारी मैत्रीण गप्प बसून ऐकत राहिली. मीही त्या दिवशी गप्प होते, कारण या दोन्ही पक्षांच्या चुका माझ्या घरात झालेल्या आहेत. तिचे उत्तर आज द्यायचे ठरवून आले आहे.

आधीच सांगते, मी आर्थिक सल्लागार नाही. प्रोग्रॅम चुकला तर चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते शोधणे, हा माझा धंदा. तेच आज स्वतःच्या हिशेबाचे करणार आहे.

आपल्याला गणिताला ज्या बाई होत्या, त्या व्याजाचे उदाहरण सोडवण्याआधी फळ्यावर तीन ओळी लिहून घ्यायच्या: मुद्दल, दर, मुदत. तिन्हींपुढे आकडे आल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकू द्यायच्या नाहीत. आपण मोठे झालो, कमावू लागलो आणि तिसरी ओळ लिहायचीच विसरलो. दसादशे किती मिळतात एवढेच सगळे विचारतात. पैसा कधी लागणार, हे कुणी विचारत नाही.

आता माझी गोष्ट. मी मच्छीमार नगरातली. वडील होडीवर जायचे, आई मासळी विकायची. समोर वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, मागे समुद्र आणि मध्ये आमची दहा बाय बाराची खोली. पहाटे आई ससून डॉकला जायची, त्या वेळी मी अभ्यासाला उठायचे. इंजिनीअर झाले, २००३ साली नोकरी लागली, २००६ साली लग्न झाले. आम्ही दोघांनी ठाण्याला वन-बीएचके घ्यायचे ठरवले. किंमत २४ लाखांच्या आसपास होती. बाकीचे कर्ज मिळणार होते, आमच्या खिशातून सहा लाख लागणार होते. २००७ च्या डिसेंबरपर्यंत सहा लाख जमले. बुकिंग पुढच्या दिवाळीत करायचे होते, कारण इमारतीचा तो टप्पा तेव्हा विक्रीला निघणार होता.

म्हणजे मुद्दल सहा लाख, मुदत दहा महिने. एवढे स्पष्ट होते.

पण ऑफिसात त्या वेळी दुसरा विषयच नव्हता. २००३ साली तीन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेला होता. एका सहकाऱ्याने मला समजावले, की दहा महिने पैसे बँकेत पडू देणे हा अडाणीपणा आहे. सहाचे आठ झाले तर कर्ज तेवढे कमी. मला पटले. सहाच्या सहा लाख मी शेअर बाजारातल्या फंडांत घातले. आईला सांगायला गेले तेव्हा ती बोंबील साफ करत होती. तिने विचारले, "घराचे पैसे ना ते? कवा लागणार?" मी म्हटले, दिवाळीला. ती म्हणाली, "पावसाची बेगमी होरीत घालायची नाय, पोरी."

मी हसले. आई चौथी शिकलेली आणि मी इंजिनीअर!

तिच्या बोलण्याचा अर्थ इथल्या कोळीवाड्यातल्या मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. दोन महिने कमाई नाही, हे आधीपासून माहीत असते. म्हणून घरोघरी उन्हाळ्यातच सुके बोंबील, सुकट, तांदूळ, लाकूडफाटा आणि थोडे रोख पैसे बाजूला पडतात. ती बेगमी. होडी, जाळे, इंजिन यांतही पैसा घालावा लागतोच. घातला नाही तर पुढच्या वर्षी कमाई कुठून येणार? पण होडीतला पैसा कधी दुप्पट होतो, कधी एका वादळात जातो. दोन्ही पैसे घरात हवेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. एवढेच ती सांगत होती.

२००८ ची दिवाळी आली. लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला होते. आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, सेन्सेक्स दिवसभरात ७,७०० च्याही खाली जाऊन आला. अमेरिकेत सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि तिथली लाट इथे येऊन पोचली होती. माझ्या सहा लाखांचे अडीच लाख झाले होते. बुकिंग राहिले. पुढच्या महिन्यात, २६ तारखेला, आमच्या किनाऱ्यावर काय उतरले ते इथे कुणाला सांगायला नको. तो सगळा हिवाळाच वाईट गेला.

तरीही मी स्वतःला समजावत होते, की बाजार कधीतरी वर येईल, थांबू या. थांबता आले असते तर ते खरेही ठरले असते. पण फेब्रुवारी २००९ मध्ये वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि बायपास करावी लागली. भरतीच्या रात्री रोख पैसे मागितले. माझ्याकडे महिन्याचा उरलेला पगार होता. फंड विकायला टाकले तरी पैसे खात्यात यायला तीन-चार दिवस लागणार होते. आईने पत्र्याच्या पेटीतून ४० हजार रुपये काढून दिले. दुसऱ्या दिवशी तिने पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पुस्तक माझ्या हातात ठेवले. टोपली डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईकडे त्या रात्री पैसे होते, आणि एसी ऑफिसात बसणाऱ्या तिच्या मुलीकडे नव्हते.

उरलेल्या खर्चासाठी मी सगळे फंड अडीच लाखांच्या आसपास विकून टाकले. वडील बरे झाले, हे सर्वांत महत्त्वाचे. १८ मे २००९ रोजी निवडणुकीच्या निकालानंतर सेन्सेक्स एका दिवसात दोन हजारांहून अधिक अंकांनी वर गेला आणि बाजाराचे व्यवहार थांबवावे लागले. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१ हजारांच्या आसपास होता. म्हणजे बाजाराने पैसे परत केले, पण ज्यांना दोन वर्षे थांबणे परवडत होते त्यांनाच.

चूक कुठल्या ओळीत होती? फंड वाईट होते असे नाही. माझी मुदत दहा महिन्यांची होती आणि बाजाराची मुदत तो आपल्याला विचारून ठरवत नाही. दुसरी चूक अशी, की अडीअडचणीसाठी काहीही वेगळे ठेवले नव्हते. म्हणून तोट्यात विकण्याची वेळ आली.

आता माझ्या धाकट्या भावाची गोष्ट, म्हणजे दुसऱ्या पक्षाची. माझी फजिती पाहून त्याने धडा घेतला, पण जरा जास्तच घेतला. २०१० साली तो कमवायला लागला. घर लगेच घ्यायचे नव्हते, दहा-बारा वर्षांनी बघू असे ठरले होते. तरी त्याने एकूण एक पैसा मुदत ठेवीत टाकला. त्या काळात ठेवीवर आठ-नऊ टक्के मिळत, म्हणून तो खूश होता. पण व्याज उत्पन्नात धरून त्यावर कर बसायचा आणि २०१२-१३ च्या सुमारास महागाईच दहा टक्क्यांच्या आसपास होती. कर वजा करून हातात येणारा दर महागाईहून कमी, आणि घरांच्या किमती त्याच्याही पुढे. दरवर्षी पासबुकातला आकडा वाढत होता आणि घर मात्र एकेक स्टेशन लांब जात होते. दादरपासून निघालेला विचार शेवटी विरारला थांबला. तो मला म्हणाला, "ताई, तुझे पैसे बुडाले, माझे विरघळले."

आणि बँकेतला पैसा म्हणजे डोळे मिटून सुरक्षित, असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या वेळी ठेवीला विम्याचे संरक्षण होते एक लाखाचे, फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले. ते एका बँकेत एका माणसामागे, मुद्दल आणि व्याज मिळून. म्हणून घराचा पैसा अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून एकाच लहान बँकेत ठेवू नका. वाटून ठेवा.

आता फळ्याकडे वळू. तीन ओळी लिहू.

पहिली ओळ, मुद्दल. घरासाठी जमवायचा आकडा म्हणजे घराची किंमत नाही, आणि फक्त डाउन पेमेंटही नाही. ८० लाखांचे घर घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, आपले १६ लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क सध्या सहा टक्के, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे, बहिणींनो, ऐंशी हजार वाचतात! नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी चार लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरकडून घेतले तर तो नाही. यांत सोसायटीचे पैसे, सामान हलवणे, ग्रिल, पंखे धरा. १६ लाख म्हणता म्हणता २४-२५ लाख होतात. बँक कर्ज मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी घराच्या किमतीत धरत नाही, हे पुष्कळांना शेवटच्या आठवड्यात कळते.

दुसरी ओळ, दर. २४ लाख चार वर्षांत जमवायचे आहेत असे धरू. आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे ४४ हजार टाकावे लागतील. बाजारात १२ टक्के मिळतील असे गृहीत धरले, आणि ते नुसते गृहीतच आहे, तर सुमारे ३९ हजार. फरक महिन्याला पाच हजारांच्याही आतला. एवढ्या फरकासाठी चौथ्या वर्षी हातात निम्मेच पैसे असण्याचा धोका आपण पत्करतो. चार वर्षांच्या हिशेबात दर फार काही करू शकत नाही. तिथे महिन्याला किती बाजूला टाकता यावरच सगळे ठरते.

आता तिसरी ओळ बदला. तेच दर ठेवा आणि मुदत १५ वर्षे करा. महिन्याला दहा हजार म्हणजे एकूण १८ लाख भरले. साडेसहा टक्क्यांनी त्याचे सुमारे ३० लाख होतात, १२ टक्क्यांनी सुमारे ५० लाख. आता फरक २० लाखांचा आहे, आणि मध्ये एखादे २००८ आले तरी सावरायला वर्षे हातात आहेत. दर तेच, पण उत्तर उलटे. बाई तिसरी ओळ का लिहायला लावत होत्या, ते मला चाळिशीत कळले.

म्हणून ज्या मैत्रिणीने विचारले होते, तिला माझे उत्तर असे: बँक की बाजार हे नंतर. आधी घर कोणत्या वर्षी घ्यायचे ते कागदावर लिही.

तीन-चार वर्षांच्या आत घ्यायचे असेल, तर तो पैसा म्हणजे बेगमी. मुदत ठेव, आवर्ती ठेव, पोस्ट. कंटाळवाणे वाटेल, वाटू दे. दहा वर्षांनी घ्यायचे असेल, तर त्यातला चांगला भाग दरमहा थोडा थोडा फंडात जाऊ दे. पण तारीख जवळ येऊ लागली की, शेवटची तीन वर्षे उरली की, दर वर्षी एकेक हिस्सा काढून ठेवीत आण. बाजार चढता असेल तेव्हा हे करणे सर्वांत जड जाते, कारण आणखी थोडे थांबू असे वाटते. बंदरावर बावटा चढला की नाखवा होडी आत आणतो. वादळ दिसेपर्यंत थांबत नाही. मधल्या मुदतीचे असेल तर दोन्हीकडे वाटावे, आणि शंका असेल तेव्हा बेगमीकडे झुकावे.

या सगळ्याच्या आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम अशी ठेवावी, की रात्री लागली तर सकाळी हातात येईल. ती घराच्या पैशांत मोजायची नाही. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी पैसे काढता येतात, पण तो म्हातारपणाचा पैसा आहे, हे लक्षात ठेवून काढा. आणि बांधकामाधीन घर असेल तर महारेराच्या नोंदणीत प्रकल्प पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे कायद्यात आहे.

कर्ज मिळते तेवढे घेऊही नका. ६४ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांचा बसतो, आणि एकूण फेड होते एक कोटी ३३ लाखांची. दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा कित्येकांच्या कर्जाची वर्षे वाढली. हप्ता ओढताना श्वास घ्यायला जागा राहिली पाहिजे.

आम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. पाच वर्षे फक्त ठेवी केल्या. २०१४ साली घर घेतले, ठाण्यालाच, पहिल्यापेक्षा लहान आणि पुष्कळ महाग. त्यानंतरच निवृत्तीसाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी फंडात दरमहा पैसे टाकू लागलो. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स पुन्हा कोसळला. जानेवारीत ४२ हजारांवर असलेला २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. माझ्या फंडांचेही तसेच झाले. पण या वेळी मला झोप लागली. त्या पैशाची मुदत अजून बारा वर्षे दूर होती, आणि कपाटात सहा महिन्यांची बेगमी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजार जुन्या पातळीच्या वर गेला. २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा मी होडीत बेगमी घेऊन बसले होते. २०२० मध्ये बेगमी घरी होती.

घराच्या वास्तुशांतीला आई आली. सगळ्या खोल्या पाहिल्या. स्वयंपाकघरातला लहानसा माळा पाहून म्हणाली, "सुकी मासळी ठेवायला जागा बरी हाय." बिल्डरने माहितीपत्रकात दहा सोयी छापल्या होत्या, त्यात ही नव्हती. ती राहायला मात्र आली नाही. वडील गेल्यानंतरही ती मच्छीमार नगरातच आहे. मी दर शनिवारी जाते. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने तिला विचारले, "आजी, तू पैसे कुठे ठेवतेस?" ती म्हणाली, "कवाचे, ते सांग."

बघा, मला जे कळायला सहा लाख आणि सहा वर्षे लागली, ते ती पहिल्याच प्रश्नात विचारते.

गणिताच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, उदाहरण उशिरा सुटले, पण पायऱ्या दाखवल्या आहेत, निदान अर्धे गुण द्या. आणि आता मी थांबते, कारण जेवणात ताजे बोंबील आहेत, आणि ताज्या बोंबलाची मुदत किती कमी असते हे या गावात कुणाला शिकवावे लागत नाही.